कंत्राटी कामगाराने रिटर्न भरायचे का? उत्तर एजन्सीच्या एका रकान्यात

गेल्या आठवड्यात रात्री दहाच्या सुमारास पेडगावहून एका जुन्या वर्गमित्राचा फोन आला. परभणी तालुक्यातले हे गाव. तिथून तो रोज परभणीला एका सरकारी कार्यालयात कामाला जातो. टेबल कार्यालयाचे, संगणक कार्यालयाचा, रजा हवी तर साहेबांना विचारायचे. पण पगार कार्यालय देत नाही. तो मनुष्यबळ पुरवणारी एक एजन्सी देते.

‘‘माझे कागदावर बावीस हजार. हातात येतात एकोणीस हजार आठशे. आता सीएससीवाला म्हणतोय, तुझे वर्षाचे सव्वीस हजार चारशे कापलेत, रिटर्न भर. अरे, आपल्याला कुठं टॅक्स लागतो? मला तर काहीच कळंना गेलंय.’’

त्याचा प्रश्न साधा होता. रिटर्न भरावेच लागते का? मी म्हणालो, बघून सांगतो. बघायला दोन दिवस लागले, कारण अशा नोकरीत या प्रश्नाचे उत्तर पगाराच्या आकड्यावर ठरत नाही. एजन्सीने तो पगार कोणत्या रकान्यात दाखवला त्यावर ठरते. आणि तो रकाना कोणता, हे पगार घेणाऱ्याला सगळ्यात शेवटी कळते.

मित्रापुरते उत्तर आधी देतो. होय, त्याला रिटर्न भरावेच लागेल. त्याच्यावर एक रुपयाही कर लागत नाही, तरीही.

एकच काम, एकच पगार, तीन उत्तरे

समजा एकाच कार्यालयात तीन तरुण एकच काम करतात. तिघांचाही महिना २२ हजार, म्हणजे वर्षाचे २ लाख ६४ हजार. तिघे तीन वेगवेगळ्या एजन्सींच्या यादीत आहेत. आर्थिक वर्ष २०२४-२५ धरू, कारण मित्राचा प्रश्न त्याच वर्षाच्या रिटर्नचा होता.

पहिल्याच्या एजन्सीने त्याला कर्मचारी मानले. पैसे पगार म्हणून दाखवले, म्हणजे प्राप्तिकर कायद्याचे कलम १९२. या कलमात एजन्सीने वर्षाचा अंदाज बांधून, कर लागत असेल तरच कापायचा असतो. २ लाख ६४ हजारांवर कर लागत नाही, म्हणून टीडीएस शून्य. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५ हजार धरले तर पीएफचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० जाऊन हातात २० हजार. याला रिटर्न भरणे सक्तीचे नाही. नव्या करप्रणालीत त्या वर्षाची करमुक्त मर्यादा ३ लाख होती आणि तो तिच्या आत आहे.

दुसऱ्याच्या एजन्सीने त्याला छोटा कंत्राटदार ठरवले, कलम १९४सी. व्यक्तीला दिलेल्या कंत्राटी रकमेवर एक टक्का कापायचा. महिन्याला २२० रुपये, वर्षाला २,६४०. हातात २१,७८०. तिघांत हाच सर्वांत खूश असतो, कारण पीएफ नावाची गोष्ट त्याच्या पावतीवर नाही आणि तिची आठवण अजून त्याला झालेली नाही. त्याच्यावरही रिटर्नची सक्ती नाही. पण भरले नाही तर २,६४० रुपये सरकारकडेच राहतील.

तिसरा म्हणजे माझा मित्र. त्याच्या एजन्सीने त्याला ‘व्यावसायिक’ करून टाकले, कलम १९४जे. वकील, डॉक्टर, सीए, सल्लागार यांची फी ज्या कलमात येते ते हे कलम. दर दहा टक्के. महिन्याला २,२०० कापले, वर्षाला २६,४००. आणि इथेच गंमत आहे. एप्रिल २०२२ मध्ये केंद्राने नियम १२एबी आणला. वर्षभरात टीडीएस आणि टीसीएस मिळून २५ हजार किंवा त्याहून जास्त झाला असेल, तर उत्पन्न मर्यादेच्या आत असले तरी रिटर्न सक्तीचे. ज्येष्ठ नागरिकांसाठी हा आकडा ५० हजार आहे. मित्र या जाळ्यात १,४०० रुपयांनी सापडला. ज्याचा कर शून्य, त्याच्यावर सक्ती. का, तर ज्यांनी कापायला नको होता त्यांनी जास्त कापला.

हा नियम मुळात मोठे व्यवहार करून रिटर्न न भरणाऱ्यांसाठी आणला गेला. कायद्याच्या ज्या तरतुदीखाली हा नियम आला तिच्यातल्या चालू खात्यावर एक कोटीहून जास्त भरणा, परदेश प्रवासावर दोन लाखांहून जास्त खर्च, वर्षाला एक लाखाहून जास्त वीजबिल अशा अटींच्या जोडीने हा २५ हजारांचा आकडा बसतो. त्या रांगेत पेडगावचा एक डेटा एंट्री करणारा तरुण उभा आहे.

‘बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही’ हे वाक्य घराघरांत पोहोचले आहे, म्हणून इथेच सांगून टाकतो. ते २०२५-२६ या वर्षापासूनचे आहे. शिवाय ती सूट आहे, मर्यादा नाही. त्या वर्षाची करमुक्त मर्यादा ४ लाख. त्यापुढे उत्पन्न गेले की कर शून्य निघाला तरी रिटर्न भरावे लागणार. २०२४-२५ च्या हिशेबातही तसेच आहे. मर्यादा ३ लाख, पण सूट धरून ७ लाखांपर्यंत कर शून्य. तीन आणि सात लाखांच्या मधल्या लोकांनी ‘आपल्याला टॅक्स नाही’ म्हणून रिटर्न सोडू नये.

हा रकाना ठरवते कोण?

एजन्सी. कामगाराला कोणी विचारत नाही. सही करतानाच्या कागदांत एखाद्या कलमात ‘सदर व्यक्ती ही संस्थेची कर्मचारी नसून सेवा पुरवठादार आहे’ असे एक वाक्य असते, आणि नोकरी लागल्याच्या आनंदात ते कोणी वाचत नाही. मीही वाचले नव्हते. २०१९ मध्ये पुण्यात पहिली नोकरी लागली ती दुसऱ्या कंपनीच्या पेरोलवर. नऊ महिने, महिना २० हजार, दहा टक्के कापून. इंजिनीअर असूनही कापलेले पैसे परत मागता येतात हे मला माहीत नव्हते. मी समजत होतो, कापले म्हणजे गेले. १८ हजार रुपये होते.

एजन्सीला पगाराचा रकाना का नको असतो? पगार म्हटले की ती मालक झाली. मालक झाली की पीएफमध्ये कामगाराच्या बरोबरीने तिचाही वाटा आला, बोनस आला, पाच वर्षे झाली तर ग्रॅच्युइटी आली. ‘व्यावसायिक फी’ म्हटले की यातले काहीच नाही. दहा टक्के कापून सरकारला भरले की काम संपले, आणि ते दहा टक्केही तिच्या खिशातले नाहीत. माझे स्पष्ट मत असे की यात एजन्सी कर चुकवत नाही, उलट नको तितका कापते. चुकवला जातो तो पीएफ. रिटर्नची कटकट हे त्याचे शेपूट, आणि ते कामगाराच्या पायात येते.

खरे तर कायदा लेबलवर चालत नाही. काम कोणाच्या देखरेखीखाली आणि नियंत्रणाखाली होते हे बघायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने धारंगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात १९५६ सालीच सांगितले. तिथे प्रश्न मिठागरात काम करणाऱ्या अगरियांचा होता. कंपनी म्हणत होती, हे स्वतंत्र कंत्राटदार आहेत. न्यायालयाने त्यांना कामगार मानले. पीएफ कायद्याच्या व्याख्येतही कंत्राटदारामार्फत ठेवलेला माणूस कर्मचारीच आहे. कंत्राटी कामगार कायदा १९७० चा. त्यात कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने ती द्यायची अशी तरतूद होती. म्हणजे मजुरीसाठी मूळ मालक जबाबदार, पीएफसाठीही जबाबदार. टीडीएस चुकीच्या रकान्यात कापला तर मात्र मूळ कार्यालय हात वर करते, ‘तुमचे एजन्सीशी बघा’.

मराठीत वेड पांघरून पेडगावला जाणे म्हणतात. त्या म्हणीतले पेडगाव हे नव्हे, ते श्रीगोंदा तालुक्यात भीमेच्या काठी आहे. पण नावामुळे परभणीच्या पेडगावकरांना चिडवून घ्यावे लागते. मी मित्राला म्हणालो, इथे वेड पांघरणारा तू नाहीस, तुझी एजन्सी आहे आणि तुझे ऑफिस आहे.

ही छत्री नक्की कोणाच्या डोक्यावर?

ब्रिटनमध्ये अशा मधल्या कंपनीला ‘अम्ब्रेला कंपनी’ म्हणतात. पुण्या-मुंबईतून तिकडे कंत्राटावर गेलेल्या आयटीवाल्यांना हा शब्द ओळखीचा असेल. २००० साली तिथे ‘आयआर३५’ नावाचा नियम आला. स्वतःची छोटी कंपनी दाखवून प्रत्यक्षात नोकरी करणाऱ्यांवर तो रोखलेला होता. त्यानंतर अम्ब्रेला कंपन्या फोफावल्या. पण तिथे एक गोष्ट सरळ आहे. अशी कंपनी कामगाराची मालक असते, पगारातूनच कर कापून भरते, आणि दुसरे काही उत्पन्न नसेल तर बहुतेकांना वेगळे रिटर्न भरावे लागत नाही. आपल्या पहिल्या तरुणासारखे.

तिथेही सगळे सुरळीत झाले असे नाही. काही योजनांनी पगाराचा मोठा भाग ‘कर्ज’ म्हणून दिला. कर्जावर कर नाही, म्हणून हातात जास्त पैसे. हे सगळे नियमात आहे असे कामगारांना सांगितले गेले. पुढे २०१९ मध्ये ‘लोन चार्ज’ लागू झाला आणि जुन्या वर्षांचा कर कामगारांकडे मागितला गेला. अनेक संसार त्यात उद्ध्वस्त झाले आणि तो वाद अजून संपलेला नाही. यातून ब्रिटिश सरकारने घेतलेला धडा आपल्या कामाचा आहे. एप्रिल २०२६ पासून अम्ब्रेला कंपनीने कर भरला नाही, तर तिच्यामार्फत माणसे पुरवणारी भरती एजन्सी, आणि ती नसेल तर ज्याच्याकडे काम चालते तो ग्राहक, यांच्याकडून तो वसूल करण्याची तरतूद तिथे केली गेली.

आपल्याकडे मात्र चर्चा एजन्सी हवी की नको यावरच थांबते. ६ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य सरकारने बाह्ययंत्रणेमार्फत मनुष्यबळ घेण्यासाठी नऊ एजन्सींच्या पॅनेलचा शासन निर्णय काढला. तरुणांत संताप उसळला आणि पुढच्याच महिन्यात तो रद्द करावा लागला. निर्णय गेला, पद्धत गेली नाही. माझा मित्र त्यानंतर लागलेला आहे.

गावपातळीवरचे उदाहरण ग्रामपंचायतीतल्या संगणक परिचालकांचे. २०१६ पासून ‘आपले सरकार सेवा केंद्र’ प्रकल्पात ग्रामपंचायती दर केंद्रामागे महिन्याला १२,३३१ रुपये मधल्या कंपनीकडे भरत होत्या. परिचालकाच्या हाती सुरुवातीला ६ हजारांच्या आसपास पडत. या फरकावरून मोर्चे निघाले, आझाद मैदानावर आंदोलने झाली. रिटर्नच्या प्रश्नात परिचालकाचे उत्तर सोपे आहे. एवढ्या मानधनावर सक्ती नाही. तरी त्यातून टीडीएस कापला गेला असेल तर तो रिटर्न भरल्याशिवाय परत मिळत नाही, हे त्यालाही लागू.

सातबाऱ्यावर नाव असेल तर

मित्राने मध्येच विचारले, ‘‘सोयाबीनचे पैसे दाखवायचे का?’’ हा प्रश्न शहरातल्या लेखांत येत नाही आणि परभणीत तो टाळता येत नाही.

शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, ते आहेच. पण फॉर्म कोणता भरायचा हे त्यावरून बदलते. सीएससीवर सरसकट भरला जातो तो सोपा फॉर्म आयटीआर-१. शेती उत्पन्न वर्षाला ५ हजारांपेक्षा जास्त असेल तर तो चालत नाही. पाच हजार म्हणजे सोयाबीनचे एक-दोन क्विंटल. आयटीआर-४ लाही हीच मर्यादा. म्हणजे पगारदाराच्या नावावर जमीन असेल आणि पीक विकले असेल, तर त्याला आयटीआर-२. आणि एजन्सीने माझ्या मित्रासारखे ‘व्यावसायिक’ ठरवले असेल तर थेट आयटीआर-३, म्हणजे मोठ्या धंदेवाल्यांचा लांबलचक फॉर्म. जमीन वडिलांच्या नावावर असेल आणि उत्पन्नही त्यांचेच असेल, तर ते तुमच्या रिटर्नमध्ये येत नाही. मित्राच्या बाबतीत सुदैवाने सातबारा वडिलांच्या नावावर आहे.

दुसरी चूक याहून जास्त दिसते. फॉर्म १६ए हातात असतो, म्हणजे पैसे फी म्हणून दाखवलेले असतात. केंद्रचालक सवयीने तो आकडा ‘पगार’ म्हणून टाकतो. विभागाच्या संगणकावर एकीकडे पगार, दुसरीकडे व्यावसायिक फी. मग जुळत नाही म्हणून परतावा अडकतो. फॉर्म १६ असेल तर पगार, फॉर्म १६ए असेल तर फी किंवा कंत्राट, एवढे तरी फॉर्म भरणाऱ्याला ठणकावून सांगा. चुकीचे कलम बदलून घ्यायचा खरा मार्ग म्हणजे एजन्सीने टीडीएसचे विवरण दुरुस्त करून देणे. कायद्याने तिला ते करता येते. करते का, हा वेगळा प्रश्न.

आणि एक. ‘दोन हजार द्या, मोठा रिफंड काढून देतो’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. नसलेली देणगी, नसलेला विमा, नसलेले घरभाडे दाखवून परतावा काढणाऱ्या दलालांवर प्राप्तिकर विभागाने १४ जुलैला देशभर १५० ठिकाणी कारवाई केली. दलाल निसटेल, पण पॅन तुमचा आहे.

रिटर्न भरले तर योजना जाईल?

फोनवर मित्र बराच वेळ इकडचे तिकडचे बोलला आणि शेवटी खरी भीती बाहेर आली. बायकोला लाडकी बहीणचे दीड हजार येतात. वडिलांना पीएम किसानचे वर्षाला सहा हजार. रिटर्न भरले की सगळे बंद होईल, असे गावात सगळेच म्हणतात.

ही भीती निराधार नाही, पण तिचा पत्ता चुकला आहे. पीएम किसानची अट पाहा. मागच्या करनिर्धारण वर्षात ज्याने प्राप्तिकर ‘भरला’ तो अपात्र. शून्य कराचे रिटर्न भरणे म्हणजे कर भरणे नव्हे, आणि मुलाने रिटर्न भरल्याने स्वतंत्र शेतकरी असलेले वडील करदाते होत नाहीत. लाडकी बहीणची अट वेगळी आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे. सरकारी विभागात काम करणाऱ्यांच्या कुटुंबांना योजनेतून वगळले, पण जुलै २०२४ च्या सुधारणेत बाह्ययंत्रणेमार्फत काम करणाऱ्यांना सवलत दिली गेली, तीही अडीच लाखांच्या आतच. मित्राचे २ लाख ६४ हजार. म्हणजे अट मोडते ती उत्पन्नाने, रिटर्नने नाही.

आणि रिटर्न न भरून ते उत्पन्न लपतही नाही. एजन्सीने दर तिमाहीला त्याच्या पॅनवर टीडीएस दाखवला तेव्हाच ते सरकारच्या संगणकात गेले. त्याने रिटर्न भरले नाही तर एवढेच होईल की सरकारला त्याचे उत्पन्न माहीत असेल आणि त्याचे २६,४०० रुपये सरकारकडेच पडून राहतील. हे ऐकून तो थोडा वेळ गप्प बसला. मला वाईट वाटले. घरात हा हिशेब बायकोसमोर मांडणे सोपे नाही, हे मलाही कळते.

सक्ती नसलेल्यांनीही रिटर्न भरावे का? माझे मत भरावे, निदान टीडीएस कापला असेल त्यांनी तरी. बँकेत कर्जाला गेले की दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागतात. कंत्राटी माणसाकडे ना नेमणूकपत्र धड असते, ना अनुभवाचा दाखला. रिटर्न हा त्याच्या कमाईचा एकमेव पुरावा ठरू शकतो.

२०२४-२५ च्या रिटर्नची मुदत ३१ जुलैऐवजी १५ सप्टेंबर २०२५ पर्यंत वाढवली होती. ती चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचे रिटर्न भरता येते. ज्यांच्यावर सक्ती आहे त्यांना उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर एक हजारापर्यंत, त्यापुढे पाच हजारांपर्यंत विलंब शुल्क. ३१ डिसेंबरही गेली तर परताव्याचा सरळ रस्ता बंद. उरतो तो विलंबमाफीचा अर्ज. प्राप्तिकर विभागाच्या १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत तो करता येतो, पण उशिराला खरेच काही कारण होते हे पटवून द्यावे लागते. माझ्या पुण्याच्या १८ हजारांची ती मुदत ३१ मार्च २०२६ ची. हा लेख लिहिताना ते लक्षात आले. ‘माहीत नव्हते’ हे कारण चालते का, ते अर्ज केल्यावर कळेल.

पॅन आणि आधार जोडलेले नसतील तर मात्र हे सगळे व्यर्थ. अशा पॅनवर टीडीएस वीस टक्क्यांनी कापला जातो आणि परतावाही मिळत नाही. आधी हजार रुपये भरून ते जोडून घ्या.

कापले, पण भरले का?

मी मित्राला फोनवरच प्राप्तिकर विभागाच्या संकेतस्थळावर जाऊन फॉर्म २६एएस उघडायला सांगितला. पॅन, आधारवरचा ओटीपी, पाच मिनिटांचे काम. कोणी किती कापले आणि सरकारकडे किती जमा केले, हे त्यात दिसते. पगाराच्या पावतीवर विसंबू नका. पावती एजन्सी छापते.

एप्रिल ते जून, ६,६००. जुलै ते सप्टेंबर, ६,६००. ऑक्टोबर ते डिसेंबर, ६,६००. जानेवारी ते मार्च, काही नाही.

मार्चमध्ये कापलेला टीडीएस ३० एप्रिलपर्यंत भरायचा असतो, त्या तिमाहीचे विवरण ३१ मेपर्यंत द्यायचे असते आणि फॉर्म १६ए जूनच्या मध्यापर्यंत हातात पडायला हवा. आता सप्टेंबर उजाडला. कापून न भरणे हा गुन्हा आहे, त्याला तुरुंगवासाचीही तरतूद आहे. विवरण उशिरा दिले तर दिवसाला दोनशे रुपये शुल्क आहे. पण हे सगळे सरकार आणि एजन्सी यांच्यातले. मित्राच्या ६,६०० रुपयांसाठी कोणी एजन्सीच्या दारात जात नाही.

कायद्यात कामगाराला एक संरक्षण आहे. कलम २०५ म्हणते, ज्याच्या पैशातून कर कापला गेला त्याच्याकडे तोच कर पुन्हा मागता येणार नाही. यशपाल साहनी यांच्या खटल्यात २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हेच सांगितले. तिथेही मालकाने पगारातून कर कापला होता आणि सरकारकडे भरला नव्हता. हे संरक्षण ज्याच्यावर कर लागतो त्याच्या उपयोगाचे. माझ्या मित्रावर कर नाहीच, त्याला पैसे परत हवेत. आणि सरकारकडे न आलेले पैसे सरकार परत करत नाही.

म्हणून ही गाठ मूळ कार्यालयानेच सोडवायला हवी असे मला वाटते. त्यासाठी नवा कायदाही नको. एजन्सीचे बिल मंजूर करण्याआधी कार्यालयातला लिपिक पीएफ आणि ईएसआयची चलने मागतो. त्याच यादीत दोन ओळी वाढवायच्या. मागच्या तिमाहीचे टीडीएस विवरण भरल्याची पावती, आणि प्रत्येक माणसाचे पैसे कोणत्या कलमात दाखवले त्याची यादी. दिवसभर कार्यालयाच्या खुर्चीत बसणारा माणूस कलम १९४जे मध्ये ‘व्यावसायिक’ म्हणून दिसला, तर तिथेच बिल थांबवायचे. ब्रिटनने ज्यासाठी कायदा बदलला त्याचा निम्मा भाग परभणीतल्या एका टेबलावर होऊ शकतो. नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, हा टेबल तोच राहील.

मित्राने काय करायचे ठरवले ते सांगतो. १५ तारखेच्या आत रिटर्न भरायचे. उत्पन्न पूर्ण २ लाख ६४ हजार दाखवायचे, टीडीएस मात्र २६एएसमध्ये दिसतो तेवढाच, १९,८००. बाकीचे ६,६०० दिसले की ३१ डिसेंबरच्या आत सुधारित रिटर्न. परभणीतल्या एका सीएला फॉर्म दाखवून घेणार आहे. एजन्सीला त्याने ईमेल केला, चौथ्या तिमाहीचा टीडीएस कधी भरणार आणि कलम दुरुस्त करून देणार का. मी म्हणालो, त्याची प्रत कार्यालयातल्या साहेबांनाही पाठव.

‘‘साहेबांना पाठवली तर नोव्हेंबरमध्ये कंत्राट वाढवतील का रे?’’ त्याने विचारले. यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. काल त्याचा मेसेज आला. प्रत पाठवली आहे. एजन्सीचे अजून काही आलेले नाही.